पाणी एकदा, भाकर पुन्हा पुन्हा

माणूस नेमका कोणत्या क्षणी धर्म बदलतो, हे ठरवण्याचा प्रयत्न १९६८ च्या मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियमाने केला आणि तो क्षण त्याला विधीत सापडला. धर्मांतराचा विधी ज्याने केला किंवा त्यात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष भाग घेतला, त्याने ठरावीक मुदतीत जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायचे, असा नियम झाला. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. २०२१ च्या नव्या कायद्याने नंतर कळवण्याची पद्धत बदलून आधी कळवायला लावले: ६० दिवस आधी, धर्म बदलणाऱ्यानेही आणि विधी करणाऱ्यानेही. धार किंवा देवास जिल्ह्यातल्या पाळकाला आज कोणाला बाप्तिस्मा द्यायचा असेल, तर नदीच्या आधी कलेक्टर कचेरी लागते.

या कायद्यांवर राजकीय अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे आणि सदसद्विवेकाचा निर्णय कचेरीत अर्ज करून घ्यावा लागणे मला अन्यायाचे वाटते. पण इथे मला दुसरीच गोष्ट मांडायची आहे. सरकारने ख्रिस्ती माणूस पाण्यावरून ओळखायचे ठरवले, त्याच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती मंडळ्या स्वतःही तेच करत होत्या. बाप्तिस्म्याची नोंदवही, वर्षाच्या अहवालातला आकडा, परदेशातल्या वर्गणीदारांना पाठवलेली पत्रे, सगळीकडे पाणी मोजले गेले. प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांचाही रकाना असे, पण तीही सभासदांचीच मोजणी होती. कोण कोणाच्या शेजारी बसून जेवला, कोण कोणाच्या घरी पाणी प्यायला, यासाठी रकाना नव्हता. मला वाटते, जे मोजले गेले नाही तिथेच या विधींचा खरा अर्थ होता. भाकरीचा विधी हा पाण्याच्या विधीची कसोटी आहे, आणि माळव्यातल्या मंडळ्यांचे काम त्या बाजूने अपुरे राहिले आहे.

विधी किती, यावरच ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. रोमन कॅथलिक परंपरा सात संस्कार मानते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये ती संख्या पक्की केली. त्याआधी १५२० साली मार्टिन ल्यूथरने सातांतले बहुतेक बाजूला काढून येशूने स्वतः लावून दिलेले तेवढेच ठेवावेत असा आग्रह धरला, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच उरले. ते दोन तरी नेमके काय करतात यावर १५२९ मध्ये मारबुर्गला ल्यूथर आणि त्स्विंग्ली समोरासमोर बसले आणि भाकरीपाशीच फुटले. बाप्टिस्ट आणि त्यांच्यासारख्या मंडळ्या यांना संस्कार म्हणतच नाहीत. त्या दोन्हीकडे आज्ञा म्हणून पाहतात: प्रभूने सांगितले म्हणून करायचे, पाण्यात किंवा भाकरीत वेगळी शक्ती शोधायची नाही. हे वाद क्षुल्लक नव्हते, लोकांनी त्यासाठी प्राण दिले. तरीही सर्व बाजूंना मान्य असलेली एक गोष्ट त्या वादात झाकली जाते. कोणीही स्वतःला बाप्तिस्मा देत नाही. प्रार्थना एकट्याने होते, उपास एकट्याने होतो, शास्त्राचा अभ्यास दार लावून होतो. बाप्तिस्मा मात्र दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो, आणि भाकर कोणीतरी मोडून द्यावी लागते. विश्वास कितीही आतला असला तरी या दोन ठिकाणी त्याला दुसऱ्या माणसाचा हात लागतोच. येशू स्वतः यार्देनेत योहानासमोर वाकला.

सत्तेला हे पहिल्यापासून कळत आले आहे. जानेवारी १५२५ मध्ये झ्युरिकमधल्या काही तरुणांनी तान्हेपणीचा बाप्तिस्मा अमान्य करून एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. नगरसभेला त्यात बंडखोरी दिसली, कारण प्रत्येक मुलाचा बाप्तिस्मा हाच नागरिकत्वाचा पाया होता. कोणी मुलांना पाण्यापासून दूर ठेवतो का हे कळावे म्हणून तिथे नोंदवह्या सुरू झाल्या, आणि १५२७ च्या जानेवारीत फेलिक्स मान्झला लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. ती सत्ता ख्रिस्तीच होती आणि तिच्या पाठीशी त्स्विंग्लीसारखा सुधारक उभा होता. पाण्याच्या विधीवर राज्याने ताबा सांगण्याची पहिली वेळ भारतात आलेली नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे. ख्रिस्ती लोकांनी तर विशेष.

देवासच्या वाचकाला इथे एक आक्षेप सुचेल, आणि तो हलका नाही. विधी हवेतच कशाला? माळव्याची हवा निर्गुणी आहे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासला आले आणि १९९२ पर्यंत तिथेच राहिले. नाथपंथी जोग्यांच्या तोंडून ऐकलेले निर्गुण त्यांच्या गाण्यात उतरले ते याच गावात. खेड्याखेड्यांत रात्रभर तंबुऱ्यावर कबीर गाणाऱ्या मंडळ्या आजही आहेत. १९९१ मध्ये 'एकलव्य' संस्थेने देवासमध्ये कबीर भजन एवं विचार मंच सुरू केला. तो १९९८ पर्यंत चालला, आणि त्यात जे प्रश्न पेटले त्यांतला एक कबीरपंथातल्या चौका आरतीचा होता. ज्या कबीराने पंडित आणि मुल्ला दोघांचीही कर्मकांडे सोलून काढली, त्याच्याच नावाने चौक मांडायचा, नारळ फोडायचा, पान द्यायचे, आणि हे सगळे महंताने करायचे? ज्यांच्या भजनांनी माळवा भारला गेला ते प्रह्लादसिंह टिपानियाही काही काळ महंत होऊन चौका आरती करत होते. मित्रांनी त्यांना तोंडावर जाब विचारला. शबनम विरमाणींच्या चित्रपटात आणि लिंडा हेस यांच्या पुस्तकात तो वाद नोंदलेला आहे. टिपानियांची बाजू साधारण अशी होती की नुसत्या भजनाने माणसे गोळा होतात आणि पांगतात. त्यांना बांधून ठेवणारे काही लागते. विरोधकांचे म्हणणे असे की बांधणारा दोर अखेर महंताच्या मुठीत जातो.

मला दोघांचेही पटते, आणि म्हणून हा वाद मला चर्चमधल्या कित्येक प्रवचनांपेक्षा मोलाचा वाटतो. ख्रिस्ती जगातही निर्गुणी आहेत. क्वेकर लोक कोणताही विधी पाळत नाहीत. मुक्तिफौज १८८२ मध्ये मुंबईत उतरली आणि पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, तिच्या संस्थापकाने बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोन्ही बंद केले. अहमदनगरकडे ज्यांनी मुक्तिफौजेचे दवाखाने आणि वसतिगृहे पाहिली आहेत, ते या लोकांना कमी ख्रिस्ती म्हणायला धजणार नाहीत. पण सेवेने सगळे भागत नाही. सेवेत देणारा आणि घेणारा असे दोन हात असतात आणि ते अदलाबदल होत नाहीत. विधीत, तो नीट केला तर, बिशपही भाकरीसाठी तळहात पुढे करतो आणि त्याची भांडी घासणारी बाईही तोच तळहात पुढे करते. म्हणून मला विधी हवेत. महंताची मूठ उघडी ठेवण्याची तजवीज त्या विधीतच आहे. ती वापरली जात नाही, ही तक्रार वेगळी.

मराठी समाजाने एकोणिसाव्या शतकात या दोन विधींतला फरक मिशनऱ्यांपेक्षा अचूक ओळखला होता. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा-एक वर्षांचा, मिशनऱ्यांकडे राहत होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा वडिलांच्या हवाली झाला. त्याच्या डोक्यावर पाणी पडलेले नव्हते. तरीही त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावर मुंबईचा ब्राह्मणवर्ग दुभंगला, कारण तो मिशनऱ्यांच्या पंक्तीला जेवला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याची बाजू धरली आणि त्यासाठी कर्मठांचा रोष सोसला. भटजी-शास्त्र्यांना बाप्तिस्म्याच्या धर्मशास्त्राशी काही देणेघेणे नव्हते. माणूस जातीतून केव्हा जातो हे त्यांना पक्के ठाऊक होते: ज्याच्या हातचे खाऊ नये त्याच्या हातचे खाल्ले की गेला.

लक्ष्मीबाई टिळकांची कहाणी याच रेषेवरची आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला झाला. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला त्या मधल्या वर्षांतले सोवळे, वेगळी चूल आणि वेगळे पाणी विसरता येत नाही. पण त्या पुस्तकात मला सर्वांत मोठा वाटणारा क्षण बाप्तिस्म्याचा नाही. जात देवाने केली नाही असे मनाशी ठरवून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे त्यांनी कबूल केले, तो क्षण मोठा, आणि तो पाण्याच्या आधीचा आहे. बाई आधी मेजावर आल्या आणि मग पाण्यापाशी गेल्या. चर्चच्या क्रमवारीत हे उलटे आहे, माणसाच्या मनात मात्र कित्येकदा हाच क्रम असतो. टिळकांनाही शेवटी हेच जाणवले असावे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि दरबार पुढे फारसा चालला नाही. मराठी ख्रिस्ती समाज त्यांची भजने गातो. त्यांचा हा विचार मात्र त्याने कपाटात ठेवला आहे.

आता माळव्याकडे वळू. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूरपासून सुरुवात केली. पवारांच्या धारमध्ये काम उभे राहिले ते १८९५ मध्ये, आणि त्या कामाचा चेहरा होत्या डॉ. मार्गारेट ओ'हारा. दवाखाना आला, कुष्ठरोग्यांसाठी निवारा आला. राजाने जमीन दिली आणि मिशनने औषध दिले. दोघांचे बरे जमले. मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. माळव्यात आणि राजपुतान्यात तो संवत १९५६ चा म्हणून 'छप्पनिया' या नावाने लोकांच्या आठवणीत राहिला. मिशनच्या ठाण्यांवर अन्नछत्रे लागली, शेकडो अनाथ मुले वसतिगृहांत आली आणि त्यांतल्या पुष्कळांचा पुढे बाप्तिस्मा झाला. माळव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांपैकी कितीतरींची मुळे त्या अनाथालयांत आहेत.

या मुलांना वाचवणाऱ्यांबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. जे लोक आज त्या बाप्तिस्म्यांना अन्नाची लाच म्हणतात, त्यांनी आधी सांगावे की त्या वर्षी त्या मुलांना दुसरे कोण उचलत होते. पण एक प्रश्न ख्रिस्ती माणसाने स्वतःला विचारायला हवा. ज्या हाताने जीव वाचवला, त्या हाताला नकार देण्याची मोकळीक त्या मुलाला कितपत होती? पाळकांनी वर्षानुवर्षे शिकवण देऊन, परीक्षा घेऊन बाप्तिस्मे दिले असतील. तरी त्या नात्यात एक बाजू उपकाराची होतीच. माळव्यात चर्चने वाढलेले पहिले मोठे जेवण हे दुष्काळाचे जेवण होते. प्रभुभोजनाची भाकर तिथे अन्नछत्राच्या भाकरीच्या मागून आली, आणि तिच्या मागे देणाऱ्याची सावली राहिली. इंदूरच्या मांग वस्तीतून त्याच दशकात लोक गटाने बाप्तिस्मा मागत आले, तेव्हा मिशनऱ्यांमध्ये वाद झाला तो घाईचा, हेतूंचा, तयारीचा. घ्यायला येणाऱ्याचा हेतू तपासण्याची रीत पडली. देणाऱ्याचा हेतू तपासण्याची रीत कधी पडलीच नाही.

१९७० साली नागपूरला उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. माळव्यातली कॅनेडियन परंपरेची मंडळी त्याच प्रवाहात गेली. त्या एकीकरणात एक धाडस होते आणि त्याची किंमत आपण पुरेशी ओळखलेली नाही. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणारे आणि जाणत्या वयातच देणारे, या दोघांनी चारशे वर्षांचे भांडण मिटवून दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये चालू ठेवल्या. झ्युरिकमध्ये ज्यावरून माणूस बुडवला गेला, ते नागपुरात एका घटनेतल्या दोन पर्यायांत मावले. त्याच एकीकरणात चर्च ऑफ ब्रदरन आले. त्यांचे काम डहाणूत आणि दक्षिण गुजरातेत होते. त्यांच्या परंपरेत प्रभुभोजन म्हणजे बोटाएवढा तुकडा आणि घोटभर रस एवढेच नसते. आधी एकमेकांचे पाय धुतात, मग एकत्र बसून साधे पण पोटभर जेवतात, आणि त्या जेवणाच्या अखेरीस भाकर आणि प्याला येतो. ही रीत मोठ्या चर्चमध्ये विरघळून गेली. सहा मंडळ्यांनी एकमेकांकडून काय घेतले याचा हिशेब मांडला तर हे सर्वांत मोठे नुकसान ठरेल असे मला वाटते.

कारण मुळात ते जेवणच होते. प्रेषित पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात प्रभुभोजनावरून जी खरडपट्टी काढली आहे, ती प्रार्थना चुकली म्हणून नाही. खात्यापित्या घरचे लोक लवकर येऊन जेवून घेत होते आणि मजूर-गुलाम येईपर्यंत काही उरत नव्हते. पौलाने स्पष्टच म्हटले की तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच. भाकर तीच, शब्द तेच, पण पंक्ती दोन झाल्या की विधी रद्द. धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथांत विधी वैध कशाने होतो याची चर्चा पानोपानी सापडते: योग्य पदार्थ, योग्य शब्द, योग्य माणूस. अमेरिकेत १८६९ मध्ये थॉमस वेल्च यांनी द्राक्षरस न आंबवता टिकवला तेव्हा त्यावरही रणे माजली. आपल्याकडे मनुका उकळून केलेल्या रसावरही कुठे कुठे कुजबुज होते. पौलाच्या यादीत यातले काहीच नाही. त्याच्या यादीत एकच गोष्ट आहे, आणि ती भारतातल्या चर्चला सर्वांत अवघड गेली. दक्षिणेत जातवार बाके आणि जातवार प्याले होते. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये चर्चमधला जातिभेद बंद करण्याचे फर्मान काढले तेव्हा कित्येक लोक चर्च सोडून गेले. बाप्तिस्मा घ्यायला ते तयार होते. एका प्याल्याला त्यांचा नकार होता.

मराठी मुलखात प्याले वेगळे नव्हते म्हणून आपण समाधान मानतो. पण कोणत्या जातीतून आलेल्या ख्रिस्ती घरात मुलगी द्यायची, हे अजून विचारले जाते. रविवारी एका ताटलीतली भाकर आणि सोमवारी सोयरिकीची चौकशी, हे दोन्ही एकाच आठवड्यात सुखाने नांदते. यात दलित ख्रिस्ती माणसाची कोंडी दुहेरी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने तिचा तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा हाही पुरावा धरला आणि तिचा दावा फेटाळला. कायदा म्हणतो, पाणी पडले म्हणजे जात गेली. चर्च म्हणते, ख्रिस्तात जात नाही. आणि सोयरीक ठरवणारे काका म्हणतात, ते ठीक, पण मूळचे कोण?

धारपासून जवळच महू आहे, बाबासाहेबांचे जन्मगाव. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी भिक्षू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखोंना दिली, २२ प्रतिज्ञांसह. कोणत्याही ख्रिस्ती माणसाने त्या प्रतिज्ञा शेजारी ठेवून आपला बाप्तिस्मा तपासावा. तिथे काय सोडायचे आणि कसे वागायचे हे जाहीरपणे, एकेक करून, सर्वांच्या तोंडून वदवले गेले. बाप्तिस्म्याच्या विधीतही सैतानाचा त्याग आहे. माळव्यातल्या मंडळीत त्या ठिकाणी जातीचा त्याग नाव घेऊन, मोठ्याने, म्हणायला लावला असता तर पुष्कळ काही बदलले असते, असे मला मनापासून वाटते. अजूनही लावता येईल.

केरळचे विचारवंत एम. एम. थॉमस यांनी १९७० च्या आसपास हा प्रश्न उघड विचारला होता. भारतात बाप्तिस्मा हा एका समाजातून उठून दुसऱ्या समाजात जाण्याचा दाखला झाला असेल, तर ख्रिस्ताभोवतीची संगती त्या दाखल्याच्या बाहेरही असू शकेल का? मिशनरी बिशप लेस्ली न्यूबिगिन यांनी त्यांना विरोध केला: दिसणारी, बांधलेली मंडळी नसेल तर विश्वास हवेत विरतो. न्यूबिगिन यांच्या बाजूला जुना आधार आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'दिदाखे' या पुस्तिकेतही बाप्तिस्मा न घेतलेल्याने ती भाकर खाऊ नये असा नियम आहे. तो नियम मोडा असे मी म्हणत नाही. पवित्र केलेली भाकर कोणाला द्यायची हे ज्या-त्या मंडळीने ठरवावे. पण ती भाकर ज्या जेवणातून आली ते पूर्ण जेवण परत आणले, तर त्या जेवणाला बसायला बाप्तिस्म्याची अट कशाला हवी?

धार-झाबुआच्या भिलांमध्ये तंटा मिटवण्याची 'भांजगडा' नावाची रीत आहे. दोन्हीकडचे लोक बसतात, भरपाई ठरते आणि समेटाची खूण म्हणून एकत्र खाणेपिणे होते. मंडळ्यांनी भिलांना मोहाची दारू सोडायला सांगितले. त्यामागे घरांची वाताहत पाहिलेली होती आणि ते योग्यच होते. पण दारूबरोबर समेटाचा प्यालाही गेला, आणि त्याच्या जागी जो प्याला आला तो भांडण मिटले आहे की नाही हे विचारत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की वेदीपाशी आल्यावर भावाशी असलेले वैर आठवले तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे वचन प्रभुभोजनाच्या रविवारी वाचले जाते. ते ऐकून कोणी उठून बाहेर गेल्याचे मी पाहिलेले नाही.

देवास जिल्ह्यात मात्र समेट घडल्याचे साऱ्या जगाने पाहिले आहे. उदयनगरला सिस्टर राणी मारिया आदिवासींना कर्ज, जमीन आणि सावकारीच्या विळख्याबद्दल जागे करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समुंदरसिंह नावाच्या तरुणाने सुऱ्याने भोसकून त्यांचा खून केला. कॅथलिक चर्च अशा मृत्यूला हौतात्म्य मानते. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इंदूरला त्यांना धन्य घोषित केले गेले. मला त्याहून मोठे वाटते ते त्यांच्या धाकट्या बहिणीने केले. सिस्टर सेल्मी पॉल २००२ च्या रक्षाबंधनाला तुरुंगात गेल्या आणि त्यांनी खुन्याच्या हाताला राखी बांधली. पुढे त्यांच्या आईने त्याचे हात हाती घेऊन चुंबले. २००६ मध्ये तो सुटला, आणि त्याच्या सुटकेसाठी त्याच कुटुंबाने शब्द टाकला होता. पापनिवेदनाचा आणि समेटाचा संस्कार कॅथलिक चर्चच्या सातांत आहेच, त्यासाठी पुरोहित आहे, ठरलेले शब्द आहेत. तुरुंगाच्या त्या खोलीत यातले काही नव्हते. तिथे होता सुताचा एक धागा, हिंदू घरात जन्मलेल्या त्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असलेला. ख्रिस्ती बहीण त्याच्या सणाला, त्याच्या रीतीत शिरली. पाहुणी होऊन शिरली.

माळव्यातल्या चर्चला नेमके हेच सुचत नाही. ते सदैव यजमान राहिले आहे. दवाखाना त्याचा, शाळा त्याची, अन्नछत्र त्याचे. यावे लागते ते इतरांनी. म्हणून मेज उघडे करा म्हटले की लगेच अडचण उभी राहते, आणि ती खरी आहे: आजच्या कायद्यात भेटवस्तू किंवा भौतिक लाभ हे प्रलोभन ठरते, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या शेजाऱ्याला चर्चने जेवू घातले तर कोणीतरी तक्रार घेऊन ठाण्यात जाईल. कायद्याने घातलेली ही भीती काढून टाकण्यासाठी लढलेच पाहिजे. पण ज्या जेवणात सगळे आपापल्या घरून भाकरी, आमटी, दालबाटी घेऊन येतात आणि एकमेकांत वाटतात, तिथे देणारा कोणता आणि घेणारा कोणता हे कोणालाच दाखवता येणार नाही. आणि दुसरे त्याहून सोपे आहे. मंडळीने जेवायला जावे. येशू जक्कयाच्या घरी उतरला, शिमोन परुश्याच्या घरी जेवला, आणि शेवटचे भोजनसुद्धा त्याने दुसऱ्याच्या माडीवर केले. स्वतःचे घर त्याला नव्हतेच. पेत्र कर्नेल्याच्या घरी गेला आणि तिथे बाप्तिस्मे झाले, पण यरुशलेमेत परतल्यावर लोकांनी त्याला बाप्तिस्म्याबद्दल जाब विचारला नाही. तू परक्यांच्या घरात शिरून त्यांच्याबरोबर जेवलास, हा त्यांचा आरोप होता.

मूर्तीपुढे ठेवलेले अन्न असेल या भयाने आपल्याकडची ख्रिस्ती घरे शेजाऱ्यांची कितीतरी आमंत्रणे टाळतात. पौलाने करिंथकरांना यावरही सांगून ठेवले आहे: विश्वास न ठेवणाऱ्या कोणी बोलावले आणि तुम्हाला जावेसे वाटले, तर जा, आणि पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. कोणी मुद्दाम सांगितले की हे नैवेद्याचे आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करा. एवढीच अट त्याने घातली आहे. धारच्या किंवा देवासच्या मंडळीच्या वडिलांनी पुढच्या प्रभुभोजनाच्या तयारीच्या सभेत सभासदांना नेहमीचे प्रश्न विचारावेत, आणि त्यांत एक नवा घालावा: गेल्या महिन्यात तुम्ही कोणाच्या घरी जेवलात?